पेन्सिलीने लिहिलेली मुलं

माझं अक्षर सुंदर आहे हे मला लहानपणापासून इतक्या लोकांनी सांगितलं की पुढे नीटनेटकेपणा हाच माझा स्वभाव होऊन बसला. घाटकोपरच्या एका मराठी शाळेच्या ऑफिसात मी अठ्ठावीस वर्षं क्लार्क होते. पाचवी ते दहावीची शाळा, दोन मजली, मागे छोटंसं मैदान. तपासणीला येणारे अधिकारी माझी रजिस्टरं उघडली की खुर्चीत जरा सैल बसायचे आणि चहा मागवायचे. कुठे खाडाखोड नाही, शाईचा डाग नाही, एकही ओळ तिरकी नाही. त्या रजिस्टरांचा मला फार अभिमान होता. आता त्यांची आठवण झाली की माझं डोकं फिरतं, आणि का फिरतं ते एकदा सरळ सांगून टाकायचं म्हणून हे लिहिते आहे.

शाळेत मुलाचं नाव दोन ठिकाणी लागतं. एक जनरल रजिस्टर, त्यात प्रवेश झाला की मुलाला एक नंबर मिळतो. तो नंबर असला तरच शाळा सोडताना दाखला मिळतो, आणि दाखला असला तर पुढची शाळा विचारते. दुसरा हजेरीपट, तो प्रत्येक वर्गाचा वेगळा, दर महिन्याला नवं पान. ही दोन्ही माझ्या ताब्यात असायची. हजेरी वर्गशिक्षिका घ्यायच्या, पण महिन्याच्या सुरुवातीला नावं उतरवायचं काम मी कुणाला करू द्यायची नाही. शिक्षिकांची अक्षरं मला बघवत नसत.

मग पटपडताळणी नावाचं प्रकरण सुरू झालं. म्हणजे कुठल्याही दिवशी न सांगता अधिकारी येणार, वर्गात उभे राहून डोकी मोजणार, आणि रजिस्टरातली नावं नि बाकावरची मुलं जुळली नाहीत तर शाळेला जाब विचारणार. काही ठिकाणी खोटी नावं लावून पट फुगवला होता म्हणे, त्याची शिक्षा सगळ्यांना. पाठोपाठ ऑनलाइन पोर्टल आलं. आधार नंबर टाकल्याशिवाय ते मुलाला पटात धरतच नसे. आमचे मुख्याध्यापक आधीच घाबरट, या दोन गोष्टींनी त्यांची झोपच उडाली.

नेमक्या त्याच वर्षांत शाळेभोवतीच्या जुन्या सोसायट्या एकामागून एक रिडेव्हलपमेंटला गेल्या. प्रत्येक प्लॉटभोवती निळे पत्रे लागले आणि पत्र्यांच्या आत बांधकाम मजुरांच्या खोल्या उभ्या राहिल्या, त्याही पत्र्याच्याच. हिंगोली, परभणी, वाशीम, कुठून कुठून माणसं यायची. त्यांची मुलं आमच्या शाळेच्या फाटकाला हात धरून आत खेळणाऱ्या मुलांकडे बघत उभी राहायची. मग एखादी आई कामावरून तशीच, हातापायाला सिमेंट लागलेलं, माझ्या खिडकीशी येऊन विचारायची की पोराला बसवून घेता का.

मी विचारायची, पत्ता? ती मागच्या टॉवरकडे बोट दाखवायची. त्या टॉवरला तेव्हा नाव नव्हतं, पत्र्यावर फक्त स्विमिंग पूलचं चित्र होतं. लाइटबिल? नाही. भाडेकरार? नाही. आधारवर गावचा पत्ता, तोही आईबापांच्या, पोरांची आधारं काढलेलीच नसत. किती दिवस आहात इथे? मुकादम सांगेल तोवर. मी मान हलवायची आणि त्यांना परत पाठवायची. हे मी कितीदा केलं याची मोजदाद मी ठेवलेली नाही. एरवी मला मोजायची भारी हौस.

एकदा एका शिक्षिकेने अशा दोन मुलांना परस्पर वर्गात बसवून घेतलं आणि मुख्याध्यापकांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. नावं पटावर घेतली आणि उद्या टेम्पोत बसून निघून गेली तर पट कमी भरेल, मग उत्तर कोण देणार, असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणत होत्या की दारात आलेल्या मुलाला मी हाकलणार नाही. दोघांचंही तोंड वाकडं झालं होतं. तेव्हा मी तोडगा काढला. म्हटलं, वर्गात बसू द्या, हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर मी त्यांची नावं पेन्सिलने लिहून ठेवते. टिकली तर पेनने वर घेऊ, गेली तर खोडून टाकू.

सगळे खूश झाले. बाईंनी माझा हात दाबला. मुख्याध्यापक म्हणाले की मॅडमचं डोकं म्हणजे डोकं. मला स्वतःला आपण कुणाचं तरी भलं केल्यासारखं वाटलं, आणि घरी जाऊन मी नवऱ्याला हे सांगितलंसुद्धा. अंधेरीला पोर्टलचं ट्रेनिंग होतं, तिथे उपनगरांतल्या पुष्कळ शाळांचे क्लार्क जमले होते. चहाच्या वेळी असा विषय निघाल्यावर मी माझी पेन्सिलची युक्ती टेबलाभोवतीच्या सगळ्यांना सांगितली. दोघीतिघींनी वहीत टिपून घेतली.

पेन्सिलीचं नाव म्हणजे काय होतं ते आता सांगते. सरकारी पुस्तकं पोर्टलवरच्या आकड्याप्रमाणे येतात, त्यामुळे या मुलांना पुस्तक नाही. खिचडीचा हिशेब पेनच्या नावांवर, त्यामुळे ती शेवटी बसायची आणि उरेल ते खायची. हजेरी घेताना बाकीच्यांना नंबर, यांना नंबर नाही. बाई सगळे नंबर संपल्यावर यांची नावं घ्यायच्या. परीक्षेला बसू दिलं जाई, पेपर तपासले जात, निकालपत्र मिळत नसे. आणि एप्रिलच्या शेवटी मी खोडरबर घेऊन ती पानं स्वच्छ करायची आणि रबराचा चुरा फुंकून टाकायची.

टिकली तर, असं मी म्हणाले होते. एकही नाव कधी पेनने वर गेलं नाही. कसं जाणार? वर जायला पत्ता हवा, आधार हवं, आणि ज्याच्याकडे ती होती त्याचं नाव मी पहिल्याच दिवशी पेनने लिहीत होते. टिकायची अट मी त्या पोरांना घातली होती. इमारत उभी राहिली की त्यांना उचलून दुसरीकडे नेणाऱ्या मुकादमाला मी काही अट घातली नव्हती.

आणि याच काळात आम्ही स्वतः बेघर होतो. हे मला तेव्हा सुचलंच नाही, याचाच मला अजून राग येतो. मुलुंडची आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली होती. तीन वर्षांत आम्ही तीन घरं बदलली, आधी नाहूर, मग भांडुप, मग परत मुलुंडला स्टेशनजवळ. आठवी ते दहावी ही माझ्या मुलाची वर्षं त्यात गेली. त्याच्या शाळेने काय केलं? एकदा चिठ्ठी पाठवली की पत्ता बदलला असल्यास कळवावा. मी कळवला. विषय संपला. माझा मुलगा टिकेल का, असं कुणी विचारलं नाही आणि त्याचं नाव कुणी शेवटच्या पानावर नेलं नाही. आमचं घर बांधणाऱ्या माणसांची मुलं कुठल्या शाळेच्या शेवटच्या पानावर होती, कोण जाणे.

अशातच एक मुलगी आली, ऑगस्टमध्ये. अकरा वर्षांची, काटकुळी, केस घट्ट बांधलेले. बाप सेंट्रिंगच्या कामावर, आई विटा-रेती वाहायची. आईने खिडकीशी आल्याआल्या ‘जय भीम बाई’ म्हटलं आणि मी ‘हं, बोला’ म्हटलं. तिच्याकडे साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत गावच्या शाळेचा चौथी पास झाल्याचा दाखला, लॅमिनेशन केलेला. पाचवीचं वर्ष पुण्याकडच्या साईटवर गेलं होतं, तिथे जवळपास शाळाच नव्हती. वयाने सहावीत बसायला हवी म्हणून मी तिला सहावीच्या शेवटच्या पानावर घेतली. पेन्सिलने.

तिला वाचायचं वेड होतं. नोटीस बोर्डावरचं झाडून सगळं ती वाचायची, शिक्षकांच्या रजेच्या नोटिशीसुद्धा. माझ्या खिडकीशी उभी राहून टेबलावरचे कागद उलटे वाचायची. दर महिन्याच्या एक तारखेला यायची आणि विचारायची, बाई, माझं नाव उतरवलं का? मी पान काढून दाखवायची, ती बोट न लावता बघायची आणि पळत जायची. तिच्या वर्गशिक्षिका सांगायच्या की सगळे नंबर संपून तिचं नाव आलं की ही ‘हजर बाई’ असं ओरडते की शेजारच्या वर्गात ऐकू जातं. आम्ही त्यावर हसायचो. एप्रिलमध्ये मी ते नाव खोडलं आणि जूनमध्ये सातवीच्या शेवटच्या पानावर परत लिहिलं, तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. 

सातवीत ती कबड्डीच्या संघात गेली. आमच्या खेळाच्या सरांनी तिला मैदानावर पळताना पाहिलं आणि म्हणाले की ही पोरगी चढाईला घातली तर कुणाच्या हाताला लागायची नाही. तसंच झालं. वॉर्डाच्या स्पर्धेत आमच्या मुली दुसऱ्या आल्या. शाळेला कित्येक वर्षांनी कप मिळाला, तो मुख्याध्यापकांच्या काचेच्या कपाटात गेला. फोटोत ती मधोमध उभी आहे.

पुढच्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर दोनच दिवसांत ती आईबरोबर ऑफिसात आली. मागच्या प्लॉटवरचा टॉवर तयार झाला होता, पत्र्याच्या खोल्या काढायला सुरुवात झाली होती.

‘बाई, दाखला पायजे व्हता,’ आई म्हणाली. ‘साईट संपली. बोरिवलीकडं चाललो. तितल्या शाळेत आठवीत घालायची हाय.’

मी सवयीने जनरल रजिस्टर पुढे ओढलं आणि तसंच मिटलं. म्हटलं, हिचं नाव पटावर नाही, दाखला देता येणार नाही.

मुलगी टाचा उंचावून खिडकीतून आत वाकली. ‘आहे बाई. शेवटच्या पानावर. तुम्हीच लिहिलंय.’

‘ते पेन्सिलचं असतं. ते धरत नाहीत.’

‘मग मी दोन वर्षं कुठे होते?’

तिने हे उद्धटपणे विचारलं नव्हतं. तिला खरंच माहिती हवी होती. मी उलट चिडले. म्हटलं, चौथीचा दाखला आहे ना, तो दाखवा तिकडे. आई म्हणाली की दाखवला, कालच जाऊन आलो. तिथल्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, दाखला चौथीचा आहे तर मुलीला पाचवीत बसवू. तेरा वर्षांची मुलगी दहा वर्षांच्या पोरांत. तिच्या बापाने कालच ठरवून टाकलं होतं की पाचवीतच बसायचं असेल तर शाळा बस झाली, घरचं बघेल, दोन वर्षांनी स्थळ बघू. आईने अर्ध्या दिवसाचा खाडा केला होता तो यासाठी.

मी त्यांना बाकावर बसायला सांगितलं आणि फाईल काढली. का काढली ते मला नक्की सांगता येणार नाही. बहुतेक मला दाखवायचं होतं की नियमच असे आहेत, माझा दोष नाही. शिक्षण हक्क कायद्याची सगळी परिपत्रकं त्या फाईलला मी स्वतः भोकं पाडून लावली होती, तारखेप्रमाणे, एकही पुढेमागे नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यातलं एक नीट वाचलं.

त्यात साफ लिहिलं होतं. मूल वर्षात कधीही आलं तरी प्रवेश द्यायचा. दाखला नाही म्हणून नाकारायचं नाही, थांबवून ठेवायचं नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणून नाकारायचं नाही. वयाला जो वर्ग योग्य तोच द्यायचा, अभ्यास मागे असेल तर शाळेने तो जादा शिकवून भरून काढायचा. शाळा बदलायची असेल तर दाखला लगेच द्यायचा, उशीर केला तर मुख्याध्यापकावर कारवाई. आठवीपर्यंत हे सगळं मुलाच्या हक्काचं. पत्त्याच्या पुराव्याचा शब्द नाही. मूल टिकेल का ते बघून नाव लिहा, असं तर कुठेच नाही. म्हणजे ज्या नियमांच्या भीतीने आम्ही मुलांना पेन्सिलीवर ठेवत होतो ते नियम नव्हतेच. आमचा भित्रेपणा होता, आणि तो मी सुंदर अक्षरात लिहून ठेवत होते.

आणि हा कायदा तिच्या कामाला यायला हेच एक वर्ष उरलं होतं. ती आठवीच्या वयाची होती. हे वर्ष गेलं असतं तर पुढच्या वर्षी तिला शाळेत घ्या म्हणायला कायदाही हाताशी नव्हता.

मी परिपत्रक घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, मला परत दिलं. म्हणाले, ‘मॅडम, आता रजिस्टरात नाव घुसवता येत नाही. आणि पटावर नसलेली मुलगी दोन वर्षं वर्गात बसवली हे मी लिहून देऊ? चौकशी लागली म्हणजे?’

त्यांच्या मागे काचेच्या कपाटात कप होता. तो बघताबघता मला आठवलं. स्पर्धेला प्रत्येक खेळाडूचा एक फॉर्म भरावा लागतो, फोटो चिकटवून. त्यावर मजकूर असतो की सदर विद्यार्थिनी आमच्या शाळेत अमुक इयत्तेत शिकत आहे. खाली मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का. तो फॉर्म मीच टाइप केला होता, सही त्यांनी केली होती.

‘मग कबड्डीचं?’ मी विचारलं.

‘ते वेगळं,’ ते म्हणाले.

वेगळं काय होतं त्यात? कप हवा होता तेव्हा ती आमची विद्यार्थिनी होती. दाखला मागायला आली तेव्हा कोण कुठली. मी त्या माणसाखाली बारा वर्षं काम केलं, कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवला. शिपाई दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं की सर, या मुलीने तुमच्या कपाटात कप आणून ठेवलाय आणि तुम्ही तिला ओळखत नाही म्हणताय, लाज वाटायला हवी आपल्याला. ‘आपल्याला’ म्हणाले मी, तेवढं भान होतं. ते खाली मान घालून बसले, पण सही केली नाही. दाखला काही मिळाला नाही.

त्या फॉर्मची झेरॉक्स माझ्या फाईलला होती. माझ्या फाईलला सगळंच असायचं. मी आणखी एक प्रत काढली, परिपत्रकाचीही काढली, आईला सांगितलं की उद्या मी बोरिवलीला बरोबर येते, आणि दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.

बोरिवलीची ती शाळा आमच्यापेक्षा मोठी होती, ऑफिसला काचेची खिडकी होती. आम्ही तिघी सव्वादहाला पोचलो. मुलीने सहावी-सातवीचे तपासलेले पेपर बरोबर आणले होते, सगळे, सुतळीने बांधून. खिडकीत एक तरुण मुलगी होती, नीटस, टेबल स्वच्छ, रजिस्टरांना कव्हरं घातलेली. मला ती पाहताक्षणी आवडली आणि नंतर ते आठवून वाईट वाटलं.

तिने विचारलं, दाखला? मग पत्ता? लाइटबिल? आधार? किती दिवस आहात इथे? शब्द माझे, क्रम माझा, सूरसुद्धा माझा. फरक एवढाच की आज मी काचेच्या या बाजूला होते आणि माझ्या शेजारी एक बाई पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. तिच्या मुठीकडे बघून मला कळलं की आमच्या खिडकीशी कित्येक बायका अशाच उभ्या असणार. मी कधी काउंटरच्या खाली बघितलंच नव्हतं.

तिने आम्हाला बाकावर बसवलं. तास गेला. मी उठून परिपत्रक दाखवलं, ती आत मुख्याध्यापिकांकडे घेऊन गेली आणि परत येऊन बसा म्हणाली. आणखी एक तास गेला. मुलीने भिंतीवरच्या सूचना वाचून संपवल्या आणि त्याच पुन्हा वाचायला घेतल्या. आईला तीन वेळा मुकादमाचा फोन आला. मला संताप येत होता. कुणाला तरी झापावं असं वाटत होतं, आणि जिला झापायचं ती मीच होते.

मी परत उठले. पेपरांचा गठ्ठा आणि कबड्डीचा फॉर्म खिडकीतून आत सरकवला. म्हटलं, मी शाळेची क्लार्क आहे, ही मुलगी दोन वर्षं आमच्याकडे होती, मी लिहून देते, माझ्या नावावर. तुम्ही पाचवीत बसवलीत तर मी इथून सरळ शिक्षण कार्यालयात जाणार आहे, आणि माझ्या स्वतःच्या शाळेविरुद्धसुद्धा अर्ज देणार आहे. खिडकीतल्या मुलीने पेपर चाळले आणि ती आत गेली. या वेळी पाच मिनिटांत परत आली.

‘आठवीत बसू दे म्हणाल्या मोठ्या बाई,’ ती म्हणाली. आईने डोळे पुसले. खिडकीतली मुलगी पुढे म्हणाली, ‘नाव मी आत्ता कच्चं घेते. टिकली तर पुढे पक्कं करू.’

आणि तिने हजेरीपट उलटा करून शेवटचं पान काढलं आणि पेनस्टँडमधून पेन्सिल उचलली. त्या पानावर आधीच सहासात नावं होती. सुंदर अक्षर, बारीक, एका ओळीत.

 मी विचारलं, ही पद्धत कुठली?

‘सगळेच करतात मॅडम. ट्रेनिंगला कुणीतरी सांगितलं होतं, आमच्या आधीच्या मॅडम शिकून आल्या. बरं पडतं, पट खराब होत नाही.’

‘ते कुणीतरी म्हणजे मी,’ मी म्हटलं. ‘मी सांगितलं होतं. चूक सांगितलं होतं. पेनने लिहा.’

ती गोंधळली. म्हणाली, ‘आणि गेली तर?’

‘गेली तर दाखला द्या. दाखला त्यासाठीच असतो.’

ती हातात पेन्सिल धरून बसून राहिली. मी माझ्या पर्समधलं पेन काढून काचेच्या फटीतून आत घातलं. हे नाटक झालं असेल तर होऊ दे, मला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं की मी इथून हलणार नाही, आणि हे कुणी करायला लावलं असं विचारलं तर माझं नाव आणि शाळा सांगा.  मग तिने पेन्सिल स्टँडमध्ये परत ठेवली, जनरल रजिस्टर ओढलं, शेवटचा नंबर बघितला आणि पुढचा नंबर घालून लिहायला लागली. आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. पत्त्याच्या रकान्याशी थांबली. मी म्हटलं, साईटचं लिहा, राहतात तिथलं. तिने लिहिलं.

मी पुढच्याच वर्षी निवृत्त झाले. त्याआधी आमच्या शाळेची शेवटची पानं मी बंद केली, मुख्याध्यापक वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलत होते. निरोपाच्या भाषणात त्यांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं. मी जी नावं खोडली त्यांचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि शोधायचं म्हटलं तर नावंच उरलेली नाहीत. खोडण्याचं काम मी फार नीट केलं होतं. आमच्या खात्यात याला गळती म्हणतात. मुलं आपली आपण गळत नाहीत, एवढं मी हातात खोडरबर धरलेली बाई म्हणून सांगू शकते.

त्या दिवशी खिडकीतल्या मुलीने रजिस्टर वळवून आईसमोर धरलं, आईने सही केली. लेक चवड्यांवर उभी राहून बघत होती. नंबर तिने दोनदा मोठ्याने वाचला. मग शाई वाळली का ते बघायला बोट पुढे नेलं, पण लावलं नाही, आणि माझ्याकडे वळली.

‘बाई, हे कुणी खोडलं तर दिसेल ना?’

दिसेल, म्हटलं.

तिने मान डोलावली आणि वर्ग कुठल्या मजल्यावर आहे ते खिडकीत विचारायला गेली.